लाहूची दुसरी टिक

महिन्याच्या शिक्षण परिषदेत वसुमतीबाईंची जागा ठरलेली होती, मागच्या रांगेत, खिडकीशी. तलासरीच्या आसपासच्या पाड्यांवरचे सगळे गुरुजी आणि बाई त्या दिवशी केंद्रशाळेत जमत आणि पुढे पांढऱ्या पडद्यावर यतीन सर नवी नवी ॲप दाखवत. यतीन सर हे केंद्राचे तंत्रस्नेही शिक्षक. वय तिशीच्या आत, उत्साह उतू जाणारा. कधी प्रश्नमंजुषा तयार करून देणारं ॲप, कधी चित्रातल्या हत्तीला चालवणारं, कधी पाठाचं टाचण आपोआप काढणारं. वसुमतीबाई सगळं नीट ऐकून घेत आणि चहा येईपर्यंत निम्मं विसरून जात. निवृत्ती दाराशी आलेल्या माणसाने एवढं विसरायला हरकत नाही, असं त्यांचं स्वतःपुरतं मत होतं.

पण डिसेंबरच्या परिषदेत यतीन सरांनी त्यांनाच पुढे बोलावलं. बाईंच्या आंबेपाड्याच्या शाळेतली पोरं वाचनात एकाएकी पुढे कशी गेली, ते केंद्रप्रमुख साहेबांना कळत नव्हतं. "बाई, तुमची ती टिकची युक्ती सांगा ना सगळ्यांना."

बाई उठल्या, पदर सावरला, आणि चार वाक्यांत सांगून टाकलं. आंबेपाड्यातल्या निम्म्या पोरांचे बाप गुजरातच्या बोटींवर खलाशी. पावसाळा सरता सरता जायचे आणि मे महिन्यात परत यायचे. पोरांना मोठ्याने वाचायला सांगितलं की ती वाचायची नाहीत, कारण ऐकणार कोण, तर बाईच, आणि बाईंना तर ते सगळं येतंच. मग बाईंनी काय केलं, एकेका पोराचं एकेक पान आपल्या फोनमध्ये रेकॉर्ड करून त्याच्या बापाला व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली. एक टिक म्हणजे बोट खोल समुद्रात. दोन टिक म्हणजे बोट रेंजमध्ये आली. टिक निळी झाली आणि शेजारचा छोटा माइकही निळा झाला म्हणजे बापाने ऐकलं. "बस, एवढंच," असं म्हणून बाई खाली बसल्या.

एवढंच नव्हतं, पण बाकीचं परिषदेत सांगण्यासारखं नव्हतं. पाड्यातल्या बायकांकडे बटणाचे फोन, आणि रिचार्ज संपलं की येणारे फोनही बंद. रेंज फक्त शाळेच्या झेंड्याच्या ओट्यावर आणि वर्गातल्या उत्तरेच्या खिडकीत. त्यामुळे बाईंचा फोन दिवसभर त्या खिडकीत उभा असायचा, आणि अख्ख्या पाड्याचं टपाल त्यात यायचं. समुद्रावरून आलेला आवाज यतीन सरांनी दिलेल्या छोट्या स्पीकरवर वाजायचा. सगळा वर्ग कान टवकारून बसायचा. पोरांना आकडे शिकवताना नाकी नऊ आले होते, पण टिक ती न शिकवता शिकली. शाळेत आल्या आल्या नविन नावाचा पोरगा खिडकीशी जाऊन सगळ्यांच्या टिक मोजून जाहीर करायचा, आणि कुणाची बोट कुठं आहे ते पाड्याला त्याच्याकडून कळायचं.

बाकीचे बाप "शाबास, बाला" म्हणून गप्प व्हायचे. लाहूचं तसं नव्हतं. चौथीतल्या जानीचा हा बाप स्वतः अक्षरओळख नसलेला, पण ऐकण्यात पक्का. तो शाबास कधी म्हणालाच नाही. त्याचा निरोप यायचा तो असा: "जाने, मंग? त्या कोल्ह्याचा पुढं काय झाला? अर्ध्यात कशाला सोडलास?" की जानीला पुढचं पान वाचणं आलं. जूनमध्ये जोडाक्षराला अडखळून रडणारी ही पोर दिवाळीनंतर गोष्टीची पुस्तकं कपाटातून स्वतः काढून घ्यायला लागली. त्या कपाटाला पावसाळ्यात ओल धरायची आणि पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटायची. जानी नखाने ती सोडवायची, फुंकर घालायची आणि वाचायला बसायची. बाईंना तिच्याकडे पाहून आपली सगळी नोकरी सार्थकी लागल्यासारखी वाटे, आणि हे त्या स्वतःपासून लपवतही नसत.

त्याच परिषदेत यतीन सरांनी एक नवं साधन दाखवलं. कुणाचाही अर्धा मिनिट आवाज त्याला ऐकवायचा, मग आपण जे टाइप करू ते त्या माणसाच्या आवाजात बोलून दाखवायचं. त्यांनी केंद्रप्रमुखांच्या आवाजात 'उद्या सर्वांना सुट्टी' असं वदवलं, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "तुमचा घसा वाचेल, बाई," यतीन सर म्हणाले आणि बाईंच्या फोनमध्ये ते उतरवूनही दिलं. बाई हसल्या. तीस वर्षं फळ्यासमोर ओरडून जो घसा टिकला तो आता वाचवायचा तरी कशासाठी?

मग नाताळाच्या सुमारास लाहूची टिक अडकली.

जानी तेव्हा एका खेकड्याची गोष्ट वाचत होती. खेकडा बीळ सोडून जत्रेला जातो, पाळण्यात बसतो, आणि परत येतो तर वाळूत सगळी बिळं सारखीच. त्या दिवशी सुट्टीची घंटा व्हायला आली होती, बाई फोनवर कसलीशी ऑनलाइन माहिती भरायच्या घाईत होत्या. जानीने भराभरा पानं उलटत वाचलं, बाईंनी बोट दाबून पाठवून दिलं. एक टिक. दुसऱ्या दिवशी एक टिक. आठवडा गेला तरी एक टिक.

बोटी लांब जातात, आठ-दहा दिवस एक टिक राहते, हे पोरांनाही ठाऊक होतं. पण त्याच बंदरातून गेलेल्या बाकीच्या बोटींवरच्या बापांच्या टिक दोन झाल्या, निळ्याही झाल्या, आणि लाहूच्या तेवढ्या एकीवरच. त्याच बोटीवर पाड्यातलाच उमेश होता, नवीन लग्न झालेला. त्याच्या बायकोचं नाव निलम. बोटीचा सेठ फोनवर म्हणे, "येईल, येईल." मग तो फोन उचलेनासा झाला. पाड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तेच. हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी बोट धरून नेली तर माणसं वर्षानुवर्षं परत येत नाहीत, हे या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

जानीने वाचणं बंद केलं. रडली नाही, शाळा बुडवली नाही. नुसती पुस्तक उघडून बसायची. बाई म्हणाल्या, "जानी, पुढचं पान रेकॉर्ड करू या," तर तिने मान हलवली. "मागलाच गेला नाय, बाई. पुढचा कशाला?" नविन सकाळी टिक मोजायचा, लाहूचं नाव आलं की आवाज खाली घ्यायचा. ते बाईंना बघवेना. आपल्या हाताने उभी केलेली पोर डोळ्यांदेखत खाली बसत होती.

चिखल्याला घरी गेल्यावर एका संध्याकाळी बाईंनी फोन घेतला, आणि लाहूचे जुने निरोप पुन्हा ऐकले. ऐकता ऐकता त्यांना यतीन सरांचं ते साधन आठवलं. नुसतं बघू तरी, असं त्या स्वतःला म्हणाल्या. माणूस चूक करायला निघाला की पहिल्यांदा असंच म्हणतो. त्यांनी लाहूचा आवाज त्याला दिला आणि खाली टाइप केलं: 'जानी, मी बरा हाय. तू छान वाचतेस. रोज वाचत जा. बाईंचा ऐक.' बोट दाबलं, आणि त्यांच्या स्वैपाकघरात लाहू बोलला. तोच खरखरीत आवाज, तोच शेवटी जरा वर जाणारा सूर. 

बाहेरच्या खोलीतून काशीनाथ म्हणाले, "लाहूचा निरोप आला वाटतं? सुटलीस बाई एकदाची." काशीनाथ म्हणजे बाईंचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन आठवडे त्यांनी घरी लाहूशिवाय दुसरा विषय ऐकला नव्हता. बाईंनी "हं" केलं. एका अक्षराने त्या अडकल्या, आणि आपण अडकलो हे त्यांना त्या वेळी कळलंसुद्धा नाही.

सकाळी नविनने टिक मोजायच्या आधीच त्यांनी वर्गात स्पीकर लावला. "जानी, ऐक हं." आवाज घुमला, पोरांनी टाळ्या पिटल्या, नविनने बाकावर उडी मारली. जानी उठून टेबलापाशी आली. वाजून झालं की स्पीकर बंद करायचं काम तिचं होतं. तिने तो बंद केला, फोन उचलून बाईंच्या हातात दिला, आणि जागेवर जाऊन बसली. बाई म्हणाल्या, "आता वाचशील ना?" तिने पुस्तक उघडलं आणि वाचलं. न अडखळता, एकसुरात, एक पान. बाईंनी ते पाठवलं आणि त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. कुणाचं काय नुकसान झालं? पोर वाचायला लागली. बोट आज ना उद्या येईलच.

मधल्या सुट्टीत शुक्री धापा टाकत आली. जानीची आई. कडेवर धाकटा बाळ्या, हाताला चिखल, वीटभट्टीवरून तशीच उठून आलेली. "बाई, जानीचा बा बोलला म्हनतात. मना ऐकवा." आता काय करावं, हा विचार करायला बाईंना जितका वेळ मिळाला तेवढ्यात पोरांनी स्पीकर आणून दिलासुद्धा. शुक्रीने तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिने बाळ्याचा कान स्पीकरला लावला. मग ती झेंड्याच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता हसली. "फोन लावा ना त्याला, बाई."

"लावला होता. लागत नाही. बोट परत आत गेली असेल," बाई म्हणाल्या. कालचं एक अक्षर आता तीन वाक्यांचं झालं होतं.

"जाऊं दे. जिता हाय ना." शुक्री उठली. "उंद्या डहाणूला जायाचा होता आमाला, अर्ज द्यायला. मी न् निलम. सरपंच गाडी करनार होते. आथा कशाला?" ती गेली तेव्हा तिची चाल बदललेली होती. बाई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. अर्जाचं त्यांना माहीतच नव्हतं. बोट खरोखर हरवली असेल, तर तिचा शोध घ्यायला कुणीतरी कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं आता त्यांनी थांबवलं होतं.

तरी दुसरा दिवस त्यांनी तसाच काढला, हे लपवण्यात अर्थ नाही. सांगायची भीती वाटत होती. शाळा सुटायच्या वेळी निलम आली. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, हातातला चुडा अजून नवा. ती आत आली नाही. दाराच्या चौकटीला धरून तिने विचारलं, "बाई, लाहूभाऊ बोलला. आमचा काय बोलला नाय का?"

"त्याने... नाव नाही घेतलं गं कुणाचं."

"दोघं एका ताटात जेवतात, बाई. दर टायमाला लाहूभाऊ सांगतो, उमेश बाजूला हाय म्हनून. आथा नाय सांगला." ती जरा थांबली. "त्याला काय झाला असंल म्हनून नसंल ना सांगला?"

निलम तशीच वळली आणि उतारावरून खाली गेली. एकीचा जीव भांड्यात पाडायला निघालेल्या वसुमतीबाईंनी दुसरीला वैधव्याची भीती घातली होती, तीही फुकट, बसल्या जागी, अर्ध्या मिनिटाच्या आवाजात.

सगळी पोरं गेली. जानी खडू गोळा करत मागे राहिली होती. बाई तिला जवळ बोलावून म्हणाल्या, "जानी, मला तुला एक सांगायचंय. कालचा तो आवाज..."

"बाचा नव्हता," जानी म्हणाली.

बाई बघतच राहिल्या.

"टिक एकच हाय, बाई." जानीने खिडकीतल्या फोनकडे हनुवटीने दाखवलं. "स्पीकर बंद केला तवा मी बघला. आपला निरोप त्याला गेला नाय अजून. बाचा फोन रेंजमधी आला असता तर आपला आधी दोन टिक झाला असता. मंग तो बोलंल. आधी कसा बोलंल?" ती हे गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगत होती. "आनि बा छान म्हनतच नाय."

टिकची युक्ती बाईंनीच काढली होती. साऱ्या परिषदेपुढे उभं राहून सांगितलीही होती. पोरीला फसवताना त्या तीच विसरल्या.

"मग तू बोलली का नाहीस? आणि वाचलंस कशाला?"

जानीने खडूचा डबा टेबलावर ठेवला. "तुमाला बरा वाटला म्हनून वाचला. आनि आई जेवली. काल रात्री भाकर खाल्ली तिनी, दोन. इतके दिवस नुसता पानी पीत व्हती." मग पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झाला. "आईला नका ना सांगू, बाई."

वसुमतीबाईंना तिथल्या तिथे रडू आलं. त्या ज्या पोरीला सांभाळायला निघाल्या होत्या, ती दोन दिवस आईला आणि बाईंना, दोघींनाही सांभाळत होती. त्यांनी तिला जवळ घेतलं. "सांगावं लागेल, बाळा. आई डहाणूला गेली नाही ती माझ्यामुळे. तुझ्या बाला शोधायला कुणी निघायला हवं की नको?"

जानीने मान डोलावली. मग विचारलं, "एक टिकवाला निरोप कुठं असतो, बाई? हरवतो?"

"नाही. आपल्याकडून निघालेला असतो. वाटेत थांबतो. त्याचा फोन सुरू झाला की मिळतो." हे मात्र खरं होतं, आणि खरं बोलताना बाईंना जरा बरं वाटलं.

शुक्रीच्या घरी चूल पेटली होती. बाई अंगणात उभ्यानेच बोलल्या, आडवळण न घेता. निलमलाही बोलावून घेतलं होतं. फोनमधून असा आवाज बनवता येतो, हे समजायला शुक्रीला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती ओरडली नाही. बाईंची त्याच्यासाठी तयारी होती, पण ती ओरडली नाही. "मी बाळ्याला ऐकवला तो," एवढंच म्हणाली. मग हातातली पळी खाली ठेवून घरात गेली आणि दार लोटून घेतलं. निलम मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठा श्वास सोडला. त्या निरोपातून काढलेली उमेशबद्दलची भीती निदान खोटी होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि सरपंचांनी केलेल्या गाडीतून त्या दोघींबरोबर डहाणूला गेल्या. शुक्री बाईंशेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली. मत्स्य खात्याच्या कचेरीत अर्ज लिहून द्यायचं काम बाईंनी केलं. साहेबांनी बोटीचं नाव, खलाशांची नावं विचारून घेतली, गुजरातकडे फोन लावला आणि चौकशी सुरू केल्याचं सांगितलं. परतताना शुक्रीने बाईंकडे न बघता म्हटलं, "पोरीला शिकवा तुमी. आमचा टपाल आमी बघू." बाईंनी ऐकून घेतलं.

यतीन सरांनाही त्यांनी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मी ते दाखवताना एक गोष्ट सांगायला हवी होती." ज्याचा आवाज, त्याला विचारल्याशिवाय तो वापरायचा नाही, ही ती गोष्ट. ते साधन बाईंनी फोनमधून काढून टाकलं.

जानीने मात्र एक नवीन सुरू केलं. रोज सुट्टीआधी ती खिडकीशी यायची, एक पान वाचायची, आणि म्हणायची, "पाठवा. वाटेत थांबंल." खेकड्याची गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली. लाहूच्या नावापुढे एकेका टिकचे निरोप साठत गेले. नविन मोजायचा, पण आता आवाज खाली घ्यायचा नाही.

संक्रांत होऊन गेली होती. खिचडी खाऊन पोरं हात धूत होती, आणि नविन खिडकीतून किंचाळला, "बाई! दोन टिक! सगळ्या दोन टिक!"

बाई धावल्या. खरंच, लाहूच्या नावापुढचे सगळे निरोप एकदम दोन टिकचे झाले होते. कुणीतरी शुक्रीला आणायला पळालं, कुणीतरी निलमला. बाईंनी फोन लावायला बोट पुढे केलं, तेवढ्यात जानीने त्यांचा हात धरला. "थांबा. तो ऐकतो हाय." पहिल्या निरोपाचा माइक निळा झाला होता. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. इतक्या दिवसांनी किनाऱ्याला लागलेला माणूस कुणाला फोन करायच्या आधी पोरीचं वाचन ऐकत बसला होता, क्रमाने, एकही न गाळता. सबंध वर्ग खिडकीशी गोळा होऊन ते निळं होणं बघत उभा राहिला.

शुक्री आली तेव्हा शेवटचा निळा झाला. मग लाहूचा निरोप पडला. बाईंनी स्पीकर लावायला हात नेला आणि शुक्रीचा चेहरा बघून तो तसाच राहिला.

"ह्यो बी तुमीच बनवला का, बाई?" शुक्रीने विचारलं. रागाने नाही. खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं. आणि वसुमतीबाईंच्या लक्षात आलं की आपण 'नाही' म्हणून काही उपयोग नाही. त्यांच्या 'नाही'ला आता या पाड्यात किंमत राहिली नव्हती. त्यांनी फोन जानीच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

जानीने बोट दाबलं. आधी नुसता वारा, माणसांचा गलका. मग लाहू. आवाज बसलेला होता.

"जाने, सगळा ऐकला. पन तो खेकडा पाळन्यात बसलेला, तो एकदम बिळापाशी कसा आला? पाळन्यातून उतरला कवा? मधला काय झाला? तू पान गाळलास का काय?" मग जरा खोकून, "आईला सांग, मी बरा हाय. इंजिन बंद पडला, फोनपन मेला. दुसऱ्या बोटीनी वढून आनला. उमेश बाजूला हाय."

निलमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शुक्री मात्र हलली नाही. ती जानीकडे बघत होती. सगळेच जानीकडे बघत होते.

जानीने जीभ चावली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं हसू होतं. "दोन पानं चिकटली व्हती," ती म्हणाली. "मना खेळाया जायाचा व्हता, मी सोडवलीच नाय. बाईंना बी नाय कळला." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, ह्यो बा हाय."

शुक्री मटकन खाली बसली, आणि बाळ्याला छातीशी धरून हुंदके द्यायला लागली.

वसुमतीबाईंनाही तेव्हा कळलं. ते वाचन त्यांनीच रेकॉर्ड केलं होतं, फोन त्यांच्याच हातात होता. त्यांनी ते पाठवलं होतं, ऐकलं नव्हतं. आजवरच्या साऱ्या टिक त्यांनी पाहिल्या होत्या, पण त्या पानात खड्डा आहे हे समुद्रावरच्या माणसाला कळलं, कारण ऐकत होता तो एकटाच. पोर वाचायला शिकली ती फोनमुळे नव्हे, युक्तीमुळेही नव्हे. आपल्या गाळलेल्या पानाची वाट बघणारं कुणीतरी आहे, म्हणून शिकली.

जानी कपाटातून ते पुस्तक घेऊन आली. पान शोधलं, कडेला नख घालून हळूच सोडवलं, फुंकर घातली. बाई सवयीने फोन धरायला पुढे झाल्या, पण शुक्रीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "मी धरते. कुठं दाबायचा ते दाखवा." बाईंनी दाखवलं.

जानीने वाचायला सुरुवात केली. वसुमतीबाई मागे जाऊन खिडकीशी बसल्या आणि खेकडा पाळण्यातून उतरेपर्यंत ऐकत राहिल्या.